कोंबडीचे वजन आणि अंड्यांचे उत्पादन व गुणवत्ता
हिंगोली जिल्ह्यातील परसातील कुक्कुटपालनाच्या संदर्भात

हिंगोली जिल्ह्यातील अनेक शेतकरी कुटुंबांत परसातील कोंबड्या हा घरखर्चास हातभार लावणारा जोडधंदा होय. वजनदार कोंबडी तीच उत्तम कोंबडी, ही समजूत पक्षी मांसासाठी विकावयाचा असेल तर निराधार नाही. अंड्यांच्या दृष्टीने मात्र हा संबंध इतका सरळ नाही. त्याचप्रमाणे ‘जड कोंबडी कमी अंडी देते’ हे सर्वसाधारण विधान जसेच्या तसे स्वीकारल्यास दहा-बारा पक्ष्यांच्या कळपातून नेमकी चांगली कोंबडी विकली जाण्याचा संभव असतो. यास्तव जातीजातींतील फरक, अंडी सुरू होतानाचे वजन आणि अंडी देण्याच्या काळात वजनात होणारा बदल या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासावयास हव्यात.

प्रथम जातींचा विचार करू. व्हाइट लेगहॉर्न कोंबडीचे वजन सुमारे १.५ किलोग्रॅम असते, आणि उत्तम व्यवस्थेत तिच्या सुधारित वाणांपासून वर्षाला ३०० च्या आसपास अंडी मिळतात. हैदराबाद येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेत निर्माण झालेल्या ‘वनराजा’ या दुहेरी उपयोगाच्या वाणाची कोंबडी २ किलोग्रॅमपेक्षा जड असून परसात वर्षाला साधारण १०० ते ११० अंडी देते. शरीरनिर्वाहास लागणारी ऊर्जा वजनाच्या ०.७५ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. त्यानुसार १.५ किलोग्रॅमच्या कोंबडीपेक्षा २.२ किलोग्रॅमच्या कोंबडीस केवळ निर्वाहासाठी सुमारे ३३ टक्के अधिक ऊर्जा लागते. तथापि अंड्यांच्या संख्येतील तफावत एवढ्यानेच उद्भवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा व संगोपनाच्या पद्धतीचा तो एकत्रित परिणाम आहे. म्हणून दोन जातींतील तुलनेवरून एकाच जातीतील दोन कोंबड्यांविषयी निष्कर्ष काढणे युक्त नव्हे.

एका जातीत विशेष महत्त्व आहे ते तलंग अंड्यावर येतानाच्या वजनाला. वजन अपुरे असल्यास अंडी उशिरा सुरू होतात, ती लहान असतात, आणि शरीरात साठा नसल्याने उत्पादन शिखरावर पोहोचल्यानंतर लवकर घसरते. अंड्याचा आकार पुढील काळातही बऱ्याच अंशी या आरंभीच्या वजनावर अवलंबून राहतो. उलटपक्षी वजन बेसुमार असल्यास अंडाशयात एकाच वेळी अनेक बलक पक्व होऊन दुहेरी बलकाची व मऊ कवचाची अंडी वाढतात. हा दोष मांसल जातींच्या प्रजननकळपांत ठळकपणे आढळतो. येथे केवळ सरासरी पाहणे पुरेसे नाही. १.२ व १.८ किलोग्रॅमच्या तलंगांची सरासरी १.५ च येते, पण त्यांतील एकही योग्य वजनाची नसते. म्हणून निदान ८० टक्के पक्षी सरासरीच्या १० टक्के आतबाहेर असावेत, असा संकेत आहे.

तिसऱ्या भागात कार्य आणि कारण यांची गल्लत होते. अंडी देणे थांबले की त्यासाठी खर्च होणारी ऊर्जा चरबीच्या रूपाने साठू लागते. वर्षाअखेर एकदाच वजन करून ‘जड कोंबड्यांनी कमी अंडी दिली’ असे आढळले, तरी कोंबडी जड होती म्हणून अंडी कमी झाली की अंडी थांबली म्हणून ती जड झाली, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी अंडी सुरू होण्यापूर्वी व नंतर ठराविक अंतराने प्रत्येक पक्ष्याचे वजन नोंदवावे लागते. घरच्या कळपातही केवळ वजनावरून निवड करू नये. कोंबडी अंड्यावर असताना तिच्या कटीच्या दोन हाडांत दोन-तीन बोटांचे अंतर राहते व गुदद्वार रुंद, ओलसर असते. ही लक्षणे नसल्यास ती खुडूक किंवा पिसे झडण्याच्या काळात नाही ना, हे पाहूनच निर्णय घ्यावा.

गुणवत्तेचे मापनही सावधपणे करावे लागते. वय वाढते तसे अंडे मोठे होते, पण कवचाचे वजन त्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी कवच पातळ पडते. एका कवचासाठी सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर गेले की कोंबडी धापा टाकते. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो व कवच दुर्बळ होते. जड पक्ष्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी असल्यामुळे त्यास उष्णता बाहेर टाकणे अधिक कठीण जाते. पांढऱ्या बलकाच्या दर्जासाठी १९३७ पासून प्रचारात आलेले हॉ एकक वापरतात. त्यात अंड्याचे वजनही हिशेबात येते : बलकाची उंची ६ मिलिमीटर असता ६० ग्रॅमच्या अंड्याचे मान सुमारे ७७, तर ४२ ग्रॅमच्या अंड्याचे सुमारे ८३ भरते. केवळ उंचीची तुलना त्यामुळे फसवी ठरते.

हिंगोलीच्या परिसरात ज्वारी व सोयाबीन ही दोन्ही उपलब्ध आहेत. निव्वळ ज्वारीवर कोंबडीस ऊर्जा मिळते, प्रथिने व कॅल्शियम मात्र अपुरे पडतात. वजन टिकूनही अंडी घटू शकतात. सोयाबीनची पेंड व शिंपल्यांचा चुरा यांनी ही उणीव भरून निघते. कच्चे सोयाबीन मात्र देऊ नये. त्यातील प्रथिनपचनास विरोध करणारा घटक उष्णतेनेच निष्प्रभ होतो. तात्पर्य, अधिकाधिक वजन हे ध्येय नसून जातीस अनुरूप वजन वेळेवर गाठणे व ते राखणे हेच इष्ट होय.