थोरला सोबती

शाळेंत नव्यानें येणाऱ्या मुलास पहिल्या पंधरवड्यांत जें ज्ञान लागतें तें कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत सांपडत नाहीं. पाण्याचा नळ कोठें आहे, कोणते गुरुजी बोलण्यांत कठोर पण मनानें मऊ आहेत, मधल्या सुटींत कोणाजवळ बसून डबा खावा, 'ण' म्हणावयाच्या जागीं 'न' म्हटला म्हणून वर्ग हंसला तर काय करावें, ह्या गोष्टी त्यास कोणीतरी सांगाव्या लागतात. आपलें कुर्डुवाडी हें जंक्शनचें गांव. १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी येथून बार्शीस जाऊं लागली. ते रूळ आतां रुंद झाले आहेत, परंतु गाडी बदलणाऱ्या उतारूंची धांदल तीच आहे. नवखा उतारू चौकशीच्या खिडकीकडे क्वचितच जातो. तो शेजारच्या उतारूस विचारतो. शाळेंतहि तसेंच घडतें. माढा तालुक्यांतील खेड्यांतून येणारा, किंवा वडिलांची रेल्वेंत बदली झाल्यामुळें दूरच्या गांवाहून आलेला मुलगा आपली अडचण आम्हां शिक्षकांस सहसा सांगत नाहीं. दोन इयत्ता पुढें असलेल्या एखाद्या मुलास सांगतो, आणि असा कोणी न भेटल्यास कोणासच सांगत नाहीं. मग हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें गैरहजेरीच्या खुणा ओळीनें पडूं लागतात, आणि घरीं चौकशी केली तर उत्तर मिळतें, "त्याचं मन लागत नाहीं."

हें मन न लागणें म्हणजे काय, आणि तें लागावें म्हणून शाळेंतील थोरल्या मुलांचें साह्य कसें घेतां येतें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

थोरल्यानें धाकट्यास हातीं धरावें ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. पंतोजींच्या शाळेंत गुरु एक आणि लहानमोठीं मुलें सर्व एकत्र. तेव्हां धुळपाटीवर अक्षरें गिरविणाऱ्या लहानग्यांकडे थोरलीं मुलेंच पाहत. मद्रासेस १७८९ सालीं युरोपियन सोल्जरांच्या पोरक्या मुलांच्या आश्रमाचे प्रमुख झालेले पाद्री अँड्र्यू बेल ह्यांनीं तिकडील एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढितांना पाहिलीं, आणि तीच रीत आपल्या आश्रमांत चालू करण्याचें मनांत आणिलें. हाताखालच्या शिक्षकांस ती मानवेना. तेव्हां बेलसाहेबांनीं जॉन फ्रिस्किन नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाच्याच स्वाधीन तो वर्ग केला, आणि त्या पोरानें तो नीट चालविला! १७९७ सालीं ह्या प्रयोगाची हकीकत लंडनांत छापून निघाली. तेथें जोसेफ लँकेस्टर ह्यांनींहि मोठ्या मुलांकरवीं लहानांस शिकविण्याची शाळा चालविली, आणि पुढें १८२० नंतर मुंबईच्या शाळामंडळीनें लँकेस्टर ह्यांचीच पद्धति उचलून धरिली. आपल्याच घरची वस्तु विलायतेची मुद्रा घेऊन परत आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मात्र ह्या प्रवासांत तिचा स्वभाव पालटला. लँकेस्टर ह्यांच्या शाळेंत शेंकडों मुलांस एक शिक्षक असे, व बाकीचें सर्व काम मॉनिटर करीत. हजेरी घेणें, पाठ म्हणवून घेणें, चुका टिपणें आणि अपराध वर कळविणें हें त्यांचें कर्तव्य. अपराधी मुलाच्या गळ्यांत लांकडाचा ओंडका अडकवीत, आणि प्रसंगीं त्यास टोपलींत घालून आढ्यास टांगीत. आज ओंडका गेला, टोपलीहि गेली. मॉनिटर मात्र राहिला आहे, आणि फळ्याच्या कोपऱ्यांत बडबड करणाऱ्यांचीं नांवें लिहिण्याची त्याची चालहि राहिली आहे. थोरला सोबती म्हणजे हा मॉनिटर नव्हे. मॉनिटर वर्गाकडे शिक्षकाच्या नजरेनें पाहतो. सोबत्यानें शाळेकडे धाकट्याच्या नजरेनें पाहावयाचें असतें. ज्याच्या हातांत आज खडू आहे त्याच्यापाशीं उद्यां कोणी मन उघडें करणार नाहीं. एकाच मुलास हीं दोन्ही कामें देऊं नयेत, असें माझें ठाम मत आहे.

मन उघडें करणें ही कला आहे, आणि ती शिकवावी लागते. हल्लीं तिला 'सामाजिक व भावनिक कौशल्यें' असें भारदस्त नांव मिळालें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें दहा जीवनकौशल्यें सांगितलीं आहेत. स्वतःस ओळखणें, दुसऱ्याचें मन जाणणें, निर्णय घेणें, ताण सोसणें, भावनांस सांभाळणें इत्यादि त्यांत येतात. नांवें ऐकून भिण्याचें कारण नाहीं. पहिली पायरी इतकीच कीं, भावनेस तिच्या खऱ्या नांवानें हांक मारावी. लहान मूल "पोट दुखतं" म्हणतें तेव्हां पुष्कळदां त्यास धास्ती वाटत असते. आपली मराठी ह्या बाबतींत श्रीमंत आहे. राग वेगळा, रुसवा वेगळा, चीड वेगळी. हिरमोड वेगळा, चुटपुट वेगळी. ओशाळणें वेगळें आणि कानकोंडें होणें वेगळें. परंतु मुलें ह्या सर्वांस 'राग' ह्या एकाच पोत्यांत भरतात. समजा, सहावींतल्या एका मुलानें बांकावरच्या सोबत्यास मारिलें. गुरुजींनीं विचारिलें तर तो म्हणेल, "मला राग आला." नववींतला दादा मधल्या सुटींत त्याच्या शेजारीं बसला आणि "काय झालं होतं रे?" एवढेंच विचारून गप्प राहिला, तर हळूहळू कळेल कीं सकाळीं धडा वाचतांना त्याच्या खेडवळ उच्चारांची कोणी नक्कल केली होती. तो रागावला होता हें खरें. पण त्याआधीं तो ओशाळला होता. रागावलेल्यास शांत हो म्हणतां येतें. ओशाळलेल्याजवळ नुसतें बसावें लागतें.

हें गप्प बसणें फार कठीण आहे. सोबती होणाऱ्या मुलांस शाळा सुरू होण्यापूर्वीं दोनतीन दिवस शिकवावें, आणि त्यांत मुख्य धडा ऐकण्याचा असावा. दोघांची जोडी करावी. एकानें तीन मिनिटें आपली एखादी अडचण सांगावी, दुसऱ्यानें मध्यें न बोलतां ऐकावी, आणि नंतर ऐकिलेलें आपल्या शब्दांत परत सांगावें. उपदेश करूं नये. करून पाहा! एक मिनिट होण्याच्या आंतच तोंडून निघतें, "अरे, त्यांत काय एवढं!" ह्या चार शब्दांनीं जितकीं मनें मिटलीं असतील तितकीं छडीनेंहि मिटलीं नसतील.

सोबती निवडतांना पहिला नंबर पाहूं नये. जो स्वतः कधीं बावरला होता आणि मग सांवरला, तो मुलगा ह्या कामास अधिक योग्य. दहावीच्या मुलांवर परीक्षेचा भार असतो, म्हणून नववीचीं मुलें बरीं. एकाकडे दोघांहून अधिक धाकटे नसावेत. मुलांस दादा आणि मुलींस ताई मिळावी. आठवड्यांतून अर्धा तास, सर्वांच्या नजरेसमोर, व्हरांड्यांत किंवा झाडाखालीं भेट व्हावी. येथें एक धोका सांगितला पाहिजे. अधिकार मिळाला कीं कांहीं दादा धाकट्यांकडून दप्तर उचलवून घेतात, पाण्याची बाटली भरवून घेतात, आणि डब्यांतला लाडूहि त्यांचाच होतो. धाकटा त्याच्यासमोर मोकळेपणानें हंसतो कीं नाहीं, एवढें दुरून पाहिलें तरी शिक्षकास काय तें कळतें.

आतां सर्वांत जपण्याची गोष्ट. नववींतलें मूल हेंहि मूलच आहे. त्याच्या खांद्यावर किती भार द्यावा ह्यास मर्यादा आहे. पहिल्याच भेटींत दादानें किंवा ताईनें सांगावें, "तुझी गोष्ट मी कोणास सांगणार नाहीं, पण तुझ्या जिवास धोका असेल तर मात्र बाईंना सांगेन." घरीं मारहाण होते, कोणी वाईट स्पर्श करितो, अठरा वर्षें पुरीं न झालेल्या मुलीचें लग्न ठरत आहे, किंवा कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचें बोलतें, हीं गुपितें ठेवावयाचीं नसतात. तीं त्याच दिवशीं मोठ्या माणसाच्या कानावर गेलीं पाहिजेत. मुलांच्या संकटासाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे, आणि मनाच्या दुखण्यासाठीं सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा क्रमांक चालू केला आहे. हे दोन आंकडे प्रत्येक सोबत्यास पाठ असावेत.

सरकारनें २०१४ सालीं किशोरवयीनांच्या आरोग्याची राष्ट्रीय योजना काढिली, तींत गांवोगांवीं दोन मुलें व दोन मुली समवयस्कांचे सोबती म्हणून तयार करावींत असें योजिलें. २०२० च्या शैक्षणिक धोरणांतहि विद्यार्थ्यानें विद्यार्थ्यास शिकविण्यास उत्तेजन आहे. गोव्यांत १९९६ सालीं निघालेल्या 'संगत' ह्या संस्थेनें बिहारमधील नालंदा जिल्ह्यांत ७४ शाळांत एक प्रयोग केला व त्याचें फल २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. तें आम्हां शिक्षकांस थोडें कडू लागेल. त्याच योजनेचें काम जेथें मुद्दाम नेमिलेल्या सल्लागाराकडे होतें तेथें शाळेचें वातावरण सुधारलें, दांडगाई व खिन्नता कमी झाली. जेथें तें शिक्षकांकडे होतें तेथें विशेष फरक दिसला नाहीं. ते सल्लागार विद्यार्थी नव्हते, तेव्हां ह्यावरून थोरल्या मुलांविषयीं सर्व सिद्ध झालें असें नाहीं. तथापि ज्याच्या हातीं गुणांची वही आहे त्याच्याशीं मोकळें बोलणें मुलांस जड जातें, असा तर्क मला त्यावरून करावासा वाटतो.

पालकांची एक शंका असते कीं, ह्यांत नववीच्या मुलाचा अभ्यास बुडेल. आठवड्याचा अर्धा तास हा कांहीं मोठा खर्च नव्हे, आणि धाकट्यास अपूर्णांक समजावितांना थोरल्याचाहि अपूर्णांक पक्का होतो. तरीसुद्धां दोन्हीं घरांची संमति आधीं घ्यावी. सोबत्यानें वहींत भेटीची तारीख तेवढी लिहावी, बोलणें लिहूं नये. आणि धाकट्यास आपला दादा किंवा ताई रुचली नाहीं, तर कारण न विचारतां दुसरी जोडी जमवून द्यावी.