आशाताई, फोन आणि मनाचं दुखणं

लेखमाला : दवाखाना आणि मोबाइल – भाग सहावा

गेल्या आठवड्यात आपण ई-संजीवनीची ओळख करून घेतली. ताप, खोकला, रक्तदाब असं काही असलं की आरोग्य केंद्रात बसून दूरच्या डॉक्टरला पडद्यावर गाठता येतं, हे आता वऱ्हाडातल्या खेड्यांतही नवलाचं राहिलेलं नाही. मनाच्या दुखण्याचं तसं नाही. ते घेऊन माणूस दवाखान्याची पायरीच चढत नाही, मग पडद्यासमोर तरी कसा येणार?

अमरावती-अकोल्यात हा प्रश्न जिवाशी येतो. अमरावती विभागात शेतकरी आत्महत्यांची नोंद 2001 पासून ठेवली जाते आहे. नापिकी, कर्ज, पडलेला भाव, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी, ही कारणं आपल्याला पाठ आहेत. पण त्या ओझ्याखालच्या माणसाला रात्री झोप लागते का, जेवण जातं का, हे विचारायला कुणी घरी गेलं नव्हतं. सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ 2015 मध्ये आला. आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन विचारपूस करावी आणि 104 क्रमांकावर समुपदेशन मिळावं, अशी त्याची आखणी होती.

त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचं काम चाललं होतं. विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्राम हे त्याचं पूर्ण नाव. गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेचा हा उपक्रम. डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त त्याचे निष्कर्ष मांडले. कामाचा कणा माणसं होती: गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्या जोडीला समुपदेशक आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. काम सुरू होण्याआधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चौघं उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगणारे 5.2 टक्के होते, ते 2.5 टक्क्यांवर आले. नैराश्याचं प्रमाणही 14.6 वरून 11.3 टक्क्यांवर उतरलं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. या पाहणीत तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती. आधी मोजलं, नंतर मोजलं. त्यामुळे सगळं श्रेय ‘विश्राम’ला देता येत नाही, मधल्या काळातला पाऊस, भाव यांचाही हात असू शकतो. तरीही उपचारापर्यंत पोचणारे सहापट वाढले, ही काही वाऱ्यावर सोडायची गोष्ट नाही.

डिजिटल आरोग्याच्या लेखमालेत हे कशाला, असं कुणी विचारेल. त्यासाठी नैराश्य मोजण्याची प्रश्नावली जवळून पाहू. जगभर वापरल्या जाणाऱ्या या प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत. मागच्या दोन आठवड्यांत कामात मन लागेनासं झालं का, उदास वाटलं का, झोप, थकवा, भूक, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ होणं, आणि नववा प्रश्न, मरून जावं असं वाटलं का. ‘मुळीच नाही’ला शून्य, ‘जवळजवळ रोज’ला तीन. बेरीज जास्तीत जास्त 27. दहा किंवा त्याहून जास्त झाली की दखल घ्यायची. मोबाइल अॅप ही बेरीज क्षणात करतं.

पण नववा प्रश्न विचारायचा कसा? घरात सासू बसलेली, दारात मुलं. आशाताईनं फोन काढून पडद्यावरचा प्रश्न वाचून दाखवला, तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. तीच आशाताई ओट्यावर टेकली, ‘यंदा कपाशी कशी हाय भाऊ?’ असं म्हणाली, मग झोपेवर आली, तर चौथ्या-पाचव्या वाक्याला माणूस बोलता होतो. आमच्याकडे ‘नैराश्य’ हा शब्द कुणी वापरत नाही. ‘लय टेन्शन हाय’, ‘जीव लागत नाही’, ‘डोकं जड पडते’ असं लोक म्हणतात. हे ऐकून नेमकं कुठलं उत्तर नोंदवायचं, हे गावातल्याच बाईला कळतं.

नुसत्या फोनचं काय होतं, याचाही पुरावा आहे. ‘किलकारी’ ही केंद्र सरकारची सेवा गरोदर आणि बाळंत बायकांना दर आठवड्याला ध्वनिमुद्रित संदेश ऐकवते. मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत सुमारे पाच हजार बायकांवर तिची चाचणी झाली. फक्त अंगावर पाजण्याचं प्रमाण वाढेल अशी अपेक्षा होती, ते वाढलं नाही. आधुनिक संततिनियमन साधनांचा वापर मात्र जवळपास चार टक्क्यांनी वाढला. म्हणजे फोन निरुपयोगी ठरला नाही. पण एकट्या फोनकडून फार मोठी आशा धरू नये, एवढं दिसलं. शिवाय 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या 54 टक्के बायकांकडेच होता. उरलेल्यांचा नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा.

राबणाऱ्या बाईच्या हातात आपण कसली साधनं देतो, हेही पाहायला हवं. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. ते सारखे बंद पडत होते आणि ‘पोषण ट्रॅकर’ अॅप इंग्रजीत होतं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के रास्त होतं. आशाताईंवर मानसिक आरोग्याचं अॅप लादताना हे विसरू नका. मराठी भाषा, चालणारा फोन, कामाचा पुरेसा मोबदला आणि अडलं तर उत्तर देणारा समुपदेशक, यांतलं एकही कमी असेल तर त्या अॅपवर पैसा घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली ‘टेली-मानस’ सेवा आज आपल्या हाताशी आहे. क्रमांक 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही. किती कॉल आले याची आकडेवारी सरकार देतं. अमरावती-अकोल्यातून कॉल करणाऱ्याला पुढे झोप लागू लागली का, तो जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पोचला का, याचा अभ्यास इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी हाती घ्यावा, आणि या वेळी तुलनेची गावं ठेवून घ्यावा.

तोवर एक विनंती. तुमच्या घरात, शेजारी कुणी बरेच दिवस झोपलेलं नसेल, बोलणं सोडलं असेल, तर नुसता नंबर हातात देऊन उठू नका. त्याच्याजवळ बसा, 14416 स्वतः लावा आणि बोलणं होईपर्यंत तिथंच थांबा.