सभाधीटपणा आणि शालेय भाषणे

लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीला किंवा पंधरा ऑगस्टच्या समारंभात हटकून घडणारा एक प्रसंग प्राथमिक शिक्षकांच्या परिचयाचा आहे. घरी व वर्गात भाषण घडाघडा म्हणून दाखविणारे मूल समोर गावकरी मंडळी दिसताच ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ एवढे उच्चारून थांबते. कोणी हसतो, कोणी मागून शब्द पुरवितो, आणि मूल मान खाली घालून जागेवर जाऊन बसते. पाठांतर कच्चे राहिले, असा निष्कर्ष काढून मंडळी मोकळी होतात. वस्तुतः दोष पाठांतराच्या कच्चेपणाचा नसून पुष्कळदा पाठांतराचाच असतो.

अनेक डोळे आपल्यावर खिळले आहेत, ही जाणीव होताच शरीर संकटाशी सामना करण्याच्या तयारीला लागते. ॲड्रिनॅलिन नावाचा स्राव रक्तात मिसळतो, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, तोंडाला कोरड पडते. अशा वेळी शब्दशः पाठ केलेला मजकूर लवकर दगा देतो. कारण त्यातील प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याच्या आधाराने येते. एक दुवा निसटला की पुढची सारी साखळी हातची जाते.

या बाबतीत गांधीजींच्या आत्मकथेतील हकीकती मननीय आहेत. लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करीत असता ते तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. पण बैठकीत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. व्हेंटनर येथे लिहून नेलेले भाषण वाचण्यास ते उभे राहिले, तो डोळ्यांपुढे अंधारी आली व अंग कापू लागले. ते भाषण शेवटी सोबत्याने वाचले. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात ते उलटतपासणीसाठी उठले, प्रश्न सुचेना म्हणून खाली बसले, आणि ३० रुपये फी परत करून निघून गेले.

१८९३ साली मात्र प्रिटोरिया येथे हिंदी व्यापाऱ्यांपुढे ते व्यापारातील सचोटीविषयी बोलले. आपल्या आयुष्यातील हे पहिले जाहीर भाषण म्हणता येईल, असे त्यांनी नमूद केले आहे. बैठक एका व्यापाऱ्याच्या घरी होती, विषयाची तयारी होती, आणि तो श्रोत्यांच्या रोजच्या व्यवहारातला होता. बुद्धी तीच, माणूसही तोच. बदलली ती परिस्थिती.

भीती तेवढ्याने कायमची गेली, असे मात्र नव्हे. १८९६ साली मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील सभेत, दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची दुःखे सांगताना, त्यांचा आवाज पुन्हा खोल गेला. भाषण लिहूनच आणावे, असा आग्रह फिरोजशहा मेहता यांनी आधी धरला होता. तो अशा वेळी उपयोगी पडला. केशवराव देशपांडे यांनी कागद हाती घेतला, पुढे श्रोत्यांच्या आग्रहावरून दिनशा वाच्छा यांनी ते भाषण वाचले, आणि सभा तल्लीन होऊन ऐकत राहिली. वक्ता अडखळला तरी त्याचे म्हणणे वाया गेले नाही. शाळेत नेमके हेच होत नाही.

यावरून शिक्षकांनी प्रथम स्वहस्ते भाषणे लिहून देणे थांबवावे. (गुरुजींच्या अलंकारिक वाक्यांत ते मूल कोठे असते, हा प्रश्नच आहे.) आठवड्याचा बाजार, गाईचे वेत, पुरात वाहून गेलेला साकव, असा मुलाने स्वतः पाहिलेला विषय घ्यावा. प्रथम शेजारच्या मुलाला, मग चार-पाच जणांना, मग वर्गाला, आणि नंतर परिपाठाच्या वेळी सर्व शाळेला ते सांगू द्यावे. हातात तीन-चार मुद्द्यांची चिठ्ठी असावी. पाठ करावयाचे तर फक्त पहिले वाक्य. उभे राहण्यापूर्वी दोन-तीनदा सावकाश, लांब श्वास सोडल्यास धडधड कमी होते. मूल थांबलेच तर मागून वाक्य पुरवू नये. ‘मग गाईने काय केले?’ असे विचारावे. प्रश्नाला उत्तर देणे मुलाच्या सवयीचे असते. तरीही जमेना, तर सोबत्याने ती हकीकत पुरी करावी, पण ती कोणाची आहे हे सांगून.

समारंभाच्या दिवशी अशा बुजऱ्या मुलाचा क्रम आरंभीच दुसरा-तिसरा लावावा. पाहुण्यांची भाषणे संपेपर्यंत त्याला ताटकळत ठेवू नये.