काळ्या पाण्यावरचा पाऊस

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा लखनौवरून लू वाहत असते आणि अमौसीच्या विमानतळालगतचे माळ करपून राखेच्या रंगाचे झालेले असतात, तेव्हा वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमानात दाखल झाल्याची चार ओळींची बातमी येते. ती कापून जपून ठेवण्याचा माझा शिरस्ता आता तीस वर्षांचा झाला. या अवधीत तीनदा मी त्या द्वीपसमूहावर जाऊन आलो, आणि तिन्ही वेळा मुद्दाम पावसाळ्यातच गेलो.

अवधच्या भूमीला अंदमानची ओळख झाली ती शिक्षेच्या रूपाने. 1857 चा उठाव मोडल्यावर, 1858 च्या मार्चमध्ये दोनशे बंदिवानांची पहिली तुकडी तेथे उतरविण्यात आली. आणि लखनौच्या उत्तरेस असलेल्या खैराबादचे मौलाना फज्ल-ए-हक, जे अरबी आणि तर्कशास्त्र यांचे प्रकांड पंडित होते व ज्यांनी कधीकाळी याच लखनौच्या दरबारात हुद्दा भूषविला होता, त्यांना 1859 मध्ये येथल्याच न्यायासनासमोर उभे करून काळ्या पाण्यावर रवाना करण्यात आले. तेथे त्यांनी उठावाचा वृत्तान्त अरबीत लिहिला, आणि 1861 मध्ये त्याच बेटावर त्यांचा देह मातीस मिळाला.

माझी पहिली सफर 1993 च्या जून महिन्यातली. मद्रासहून निघालेले जहाज तिसऱ्या दिवसानंतर पोर्ट ब्लेअरच्या धक्क्याला लागले, तेव्हा समुद्र, आकाश आणि किनारा यांत भेद उरला नव्हता. पुढचे चार दिवस पाऊस खळला नाही, समुद्र खवळलेला असल्याने लहान बोटी सुटल्या नाहीत, आणि हे दिवस वाया गेले असे मानून मी खिन्न झालो होतो. परंतु पाचव्या दिवशी, माउंट हॅरिएटच्या माथ्यावरून मधुबनकडे उतरणाऱ्या पायवाटेने, पायांना डसणाऱ्या जळवा मिठाने सोडवीत, पडौक आणि गर्जन वृक्षांच्या उंच खोडांवरून ओघळणाऱ्या पाण्याचा नाद ऐकत चाललो असता एकाएकी ढग फाटले, खाली नील समुद्र व त्यात विखुरलेली हिरवी बेटे उजळून निघाली, आणि पाऊस हा या बेटांचा अडथळा नसून त्यांचा प्राणच आहे हे मला उमगले. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर, म्हणजे लखनौच्या तिपटीच्या आसपास पर्जन्य जेथे पडतो, तेथे त्याला टाळून पाहण्यासारखे असे शिल्लक तरी काय राहणार?

त्याच मुक्कामात मी सेल्युलर जेल पाहिले. मूळच्या सात बाहूंपैकी आता तीनच उभे आहेत. मराठी माणसाची पावले तेथे आपोआप जड होतात. 4 जुलै 1911 रोजी, म्हणजे अशाच भर पावसाळ्यात, स्वातंत्र्यवीर सावरकरांना तेथे आणले गेले; त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव त्यापूर्वीच तेथे डांबले गेले होते. ज्या पावसाच्या धारा मी ओसरीत उभा राहून कौतुकाने न्याहाळीत होतो, त्याच धारा गजांआडून पाहणाऱ्याला कशा दिसल्या असतील, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या सोबतीला आहे.

दुसऱ्यांदा गेलो तो 2006 मध्ये. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपाने व त्सुनामीने ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक चार मीटरांहून अधिक खचले होते. पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटची शेते खाऱ्या पाण्याखाली गेली होती, आणि त्या पाण्यात वठलेली झाडे पावसात भिजत निश्चल उभी होती.

तिसरी सफर 2019 ची. हॅवलॉक बेटाचे नाव स्वराज द्वीप झाले होते, आणि तीन दिवसांच्या समुद्रप्रवासाच्या जागी अमौसीहून निघालेला मनुष्य विमान बदलून एका दिवसात तेथे पोहोचत होता. डोळ्यांवर काच बांधून मी प्रवाळांवरून तरंगलो. 2010 मध्ये समुद्र तापल्याने त्यांतले पुष्कळसे प्रवाळ पांढरे पडले होते. काही ठिकाणी पुनश्च रंग भरत होता. जारवा आदिवासींच्या अरण्यातून जाणाऱ्या रस्त्याने मात्र मी गेलो नाही. तो बंद करण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच दिला होता, तरी वाहनांचे तांडे चालूच होते. आणि माणसांना प्रेक्षणीय वस्तू लेखणाऱ्या प्रवासाला मी प्रवास म्हणत नाही.

या तीन सफरींनी मला शिकविले ते इतकेच, की निर्जन बेट, अखंड पाऊस आणि चहूंकडचा समुद्र यांना रम्य किंवा भीषण ठरविणारी गोष्ट एकच : परतीची वाट. माझ्या खिशात परतीचे तिकीट होते, म्हणून मला ते सौंदर्य वाटले. तेव्हा जो कोणी तेथे जाईल त्याने पावसात जावे, चार दिवस थांबण्याची तयारी ठेवून जावे, आणि आपला आनंद कोणाच्या वेदनेच्या भूमीवर उभा आहे याचे भान राखून जावे.

अंदमान ओलांडून निघालेले ते वारे महिन्याभराने, जूनच्या उत्तरार्धात, अवधवर येतात. अमौसीच्या माळावर पहिली सर कोसळते, तापलेल्या मातीचा गंध दरवळतो, आणि दरसाल माझ्या मनात येते, की काळ्या पाण्यावरून हा पाऊस तेवढा घरी परतला. खैराबादचे ते वृद्ध पंडित मात्र परतले नाहीत.