हेब्बाळचा कित्तय्या: वंशावळ नसलेलं स्मारक

बंगळुरूच्या विमानतळाकडे निघालेल्या माणसाला हेब्बाळ म्हणजे एक तळं, एक उड्डाणपूल आणि त्याखाली अडकलेली वाहनांची रांग. याच भागात 2018 मध्ये गटाराचं खोदकाम चालू असताना एक कोरीव दगड वर आला. त्यावर लढणाऱ्या माणसाची आकृती होती आणि जुन्या कन्नड लिपीतल्या थोड्या ओळी. लिपी आणि मजकूर पाहून अभ्यासकांनी त्याचा काळ इ.स. 750 च्या आसपासचा धरला. बंगळुरू शहराच्या हद्दीत सापडलेला इतका जुना कन्नड लेख दुसरा नाही. मजकूर मोजका आहे. श्रीपुरुष महाराज पृथ्वीचं राज्य करत असताना आणि पेळ्नागत्तरस हा पेर्बोळल्नाडू-30 या मुलखावर असताना रट्टवाडीची फौज चालून आली. तिच्याशी लढता लढता कित्तय्या इंद्रलोकी गेला. श्रीपुरुष हा गंग घराण्याचा राजा, पेर्बोळल म्हणजे आजचं हेब्बाळ, आणि 30 हा आकडा त्या विभागातल्या गावांचा. कित्तय्याच्या नावामागे ना सूर्यवंश आहे, ना चंद्रवंश, ना सात पिढ्यांची माळ. स्मारक म्हणून हा दगड उणा वाटतो तो इथेच. माझं म्हणणं असं की साक्ष म्हणून तो मोलाचा ठरतो तोही याच उणेपणामुळे.

वीरगळ मराठी वाचकाला नवा नाही. शंकराच्या देवळाबाहेर, गावाच्या वेशीपाशी, कधी पारावर उभे केलेले हे दगड आपण येता-जाता पाहतो. खालच्या चौकटीत लढाई किंवा पळवून नेलेली गुरं, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्याला कलश आणि शेजारी चंद्र-सूर्य, ही मांडणी ओळखीची आहे. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर नौकांची लढाई कोरली आहे. पण महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ मुके आहेत. त्यांच्यावर अक्षर नाही. त्यामुळे कोण मेला, कुणाशी लढला आणि कुणाच्या राज्यात, याचा अंदाज शिल्पाच्या घडणीवरून बांधावा लागतो. कर्नाटकात मात्र वीरगळावर लेख कोरण्याची रीत जुनी आणि दांडगी आहे. हेब्बाळच्या शिळेला म्हणूनच नाव आहे, राजा आहे, मुलूख आहे आणि शत्रूही आहे. पिढ्या तेवढ्या नाहीत.

पिढ्या कोरायची गरज माणसाला कधी पडते, ते पाहायला जरा लांब जाऊ. इंग्लंडमधल्या स्विंडनजवळ लिडियार्ड ट्रेगोझ नावाच्या खेड्यात सेंट मेरीचं चर्च आहे, आणि त्यात सेंट जॉन या जमीनदार घराण्याची थडगी. सर जॉन सेंट जॉन यानं 1615 मध्ये आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ तिथे एक मोठं रंगीत स्मारक उभारलं. त्याच्या लाकडी फळ्या दारांसारख्या उघडतात. आत आईवडील, मुलगा, सून आणि बहिणी यांची चित्रं आहेत, आणि बाकीच्या फळ्या घराण्याच्या वंशवृक्षानं आणि बोधचिन्हांच्या ढालींनी भरल्या आहेत. हा वंशवृक्ष जुळवायला नात्यातलाच माणूस हाताशी होता, सर रिचर्ड सेंट जॉर्ज. त्याचा धंदाच हेरल्डचा, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी आणि बोधचिन्हं तपासण्याचा. 1530 ते 1688 या काळात असे सरकारी तपासनीस इंग्लंडच्या एकेका परगण्यात फिरत, कुणाला ढाल लावायचा हक्क आहे ते ठरवत आणि पुरावा म्हणून चर्चमधली थडगीही पाहत. चर्चमधली स्मारकं फोडू नयेत असा जाहीरनामा एलिझाबेथ राणीनं 1560 मध्ये काढला होता. स्मारकं गेली तर कोण कुणाच्या वंशातला हे कळणार नाही, ही चिंता त्यात उघड मांडली आहे. आता सेंट जॉनच्या तारखा शेजारी ठेवा. पैसे भरून मिळणारा बॅरोनेट हा किताब 1611 मध्ये नव्यानं निघाला, सर जॉननं तो त्याच वर्षी घेतला, आणि चारच वर्षांनी चर्चमध्ये वंशवृक्ष रंगला. किताब नवा असला की घराणं जुनं असल्याचं सांगावं लागतं.

हीच गोष्ट आपल्या घरातल्या उदाहरणात आणखी ठळक दिसते. शहाजीराजांना आदिलशाहीकडून बंगळुरूची जहागीर मिळाली ती रणदुल्लाखानानं 1638 मध्ये हा मुलूख जिंकल्यानंतर. त्यांचा मुलगा व्यंकोजी पुढे तंजावरला गेला आणि तिथे भोसल्यांची गादी झाली. या गादीवरचा राजा दुसरा सरफोजी यानं शके 1725 मध्ये, म्हणजे 1803 साली, तंजावरच्या बृहदीश्वर देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सगळा वृत्तांत मराठीत कोरवून घेतला. मजकूर त्याच्या चिटणिसानं, बाबूरावानं लिहिला. मराठीतले जे मोठ्यात मोठे शिलालेख आहेत त्यांत त्याची गणना होते. राजराज चोळाच्या देवळावर आठशे वर्षांनी एका मराठी राजानं आपलं कुळ कोरावं, यात भक्ती किती आणि दावा किती हे तारखाच सांगतात. आधीचा राजा तुळजाजी यानं मरणापूर्वी सरफोजीला दत्तक घेतलं ते 1787 मध्ये. लगेच तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर बसला. दत्तकविधान शास्त्राला धरून आहे की नाही यावर पंडितांची मतं मागवली गेली, आधी ते अवैध ठरलं, पुढे दुसऱ्या पंडितांच्या मतानं वैध ठरलं, आणि 1798 मध्ये सरफोजी राजा झाला. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी तह होऊन राज्यकारभार गेला. हातात उरला किल्ला, सालीना एक लाख पागोड्यांचा तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. चार वर्षांनी भिंतीवर वंशचरित्र उमटलं. राज्य करणाऱ्या शहाजीराजांची होदिगेरे इथली समाधी अगदी साधी आहे. राज्य गेलेल्या त्यांच्या वंशजाला मात्र अख्खी भिंत लागली. (याच सरफोजीनं आपला पाद्री गुरू श्वार्ट्झ याच्यासाठी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक घडवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं. इंग्रजी चर्चमधली स्मारकाची रीत त्याला चांगलीच ठाऊक होती.)

तंजावरचा लेख म्हणून खोटा, असं मी म्हणत नाही. सरफोजीच्या जवळच्या पिढ्यांबद्दल तो उपयोगी आहे. जितकं मागे जावं तितका तो डळमळतो, आणि सुरुवातीच्या भागावर इतिहासकारांनी भार टाकला नाही ते उगीच नव्हे. कोणत्याही वंशावळीचं असंच असतं. ज्या टोकाला दावा टांगायचा ते टोक लेखकाला माहीत नसतं, आणि जे माहीत असतं त्यावर वाद नसतो. अशा लेखाकडे म्हणूनच दोन प्रश्न घेऊन जावं लागतं: हे कुणाला पटवायचं होतं, आणि ते पटवताना सहज म्हणून काय सांगून गेला?

हेब्बाळच्या शिळेला यातला पहिला प्रश्न विचारला तर उत्तर फार छोटं मिळतं. कित्तय्या लढून मेला, एवढंच तिला पटवायचं आहे. बाकी सगळं ओघात आलंय, आणि इतिहासाच्या कामाचं तेच आहे. पेर्बोळल हे नाव इथे कुणी अभिमानानं मिरवलेलं नाही. माणूस कुठला ते सांगण्यापुरतं ते आलं आहे. त्यामुळे आठव्या शतकात हे गाव होतं, तीस गावांच्या विभागाचं ते ठाणं होतं आणि त्यावर गंगांचा माणूस होता, हे आपण निर्धास्त मानू शकतो. रट्टवाडीचंही तसंच. ही राष्ट्रकूटांची फौज, म्हणजे मराठी वाचकाच्या दृष्टीनं वेरूळकडची माणसं. ज्याच्या काळात वेरूळचं कैलास कोरलं गेलं असं मानतात त्या पहिल्या कृष्णाचा एक ताम्रपट पुणे जिल्ह्यात तळेगावला सापडला. शक 690, म्हणजे इ.स. 768 चा हा ताम्रपट आज पुण्याचं जुनं नाव त्यात आल्यामुळे पुणेकरांना ठाऊक असतो. पण तो दिला गेला कुठून? कृष्णाचा तळ तेव्हा मण्णेनगरात पडला होता. मण्णे हे श्रीपुरुष गंगाच्या राजधानीचं ठिकाण, आजच्या नेलमंगल तालुक्यातलं, हेब्बाळहून काही फार लांब नाही. पुण्याजवळची जमीन दान करणारा राजा त्या घडीला बंगळुरूच्या बाजूला गंगांच्या मुलखात ठाण मांडून होता, आणि त्याच लढ्याच्या दुसऱ्या बाजूनं कुणीतरी हेब्बाळला दगड उभा केला. कित्तय्या नेमका याच स्वारीत पडला असं म्हणायला आधार नाही. शिळेचा काळ लिपीवरून ठरवलेला आहे, आणि कृष्णाच्या आधी दंतिदुर्गाच्या काळातही चकमकी झडल्या असतील. पण दोन लेखांची जात पाहा. दानपत्रात राजघराण्याची प्रशस्ती हवीच, कारण जमीन द्यायचा हक्क कुळातून येतो. शिळेला ते लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वीरगळही काही निःस्वार्थ नसतो. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा पुरावा बंगळुरूतच आहे. बेगूरचा मोठा वीरगळ, इ.स. 900 च्या सुमाराचा, आता शहरातल्या सरकारी संग्रहालयात ठेवलेला आहे. गंग राजा एरेयप्पाच्या आज्ञेवरून वीरमहेंद्राविरुद्ध लढताना नागत्तर मारला गेला; ते कळल्यावर एरेयप्पानं इरुग याला नागत्तराचा पट्ट बांधला आणि बेंपूर-12 हा मुलूख दिला, असं तो लेख सांगतो. गावांची नावंही त्यात दिली आहेत. शिल्पात हत्ती-घोड्यांची झोंबाझोंबी आहे आणि लेखात चक्क इनामाची सनद. वीराच्या कुटुंबाला जमीन द्यायची पद्धत कन्नड मुलखात रूढ होती आणि दगड हा त्या दानाचा साक्षीदार असे. तर मग कित्तय्याचा दगड वेगळा कसा? वेगळा आहे तो एका गोष्टीत. बेगूरच्या लेखातही हक्क येतो तो मरणातून आणि राजाच्या शब्दातून, कुळातून येत नाही. इरुगाला पट्ट मिळाला कारण नागत्तर पडला. खोटं बोलायला जागा असेलच तर ती लढाईच्या वर्णनात, अप्सरांच्या संख्येत; दहा पिढ्या मागच्या पूर्वजात नाही. आणि ज्या गावानं प्रेत पाहिलं त्याच गावात दगड उभा राहतो, त्यामुळे माणूस मेला का आणि कुणाशी लढून, यात फार फिरवाफिरव करता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. कित्तय्याला वंशावळ नाही ती शिळेच्या प्रामाणिकपणामुळे नव्हे, तो लहान माणूस होता म्हणून, असं कुणी म्हणेल. असेलही. मी तरी त्याला मोठा करायला निघालेलो नाही. पण वंशावळ न कोरण्याचं कारण काहीही असलं तरी वाचणाऱ्याच्या हाती पडतं ते तेच: दावा कमी, माहिती जास्त. उलट, वंशावळीची खोड आपल्यात किती मुरलेली आहे ते याच दोन दगडांपाशी दिसतं. हेब्बाळला पेळ्नागत्तरस, बेगूरला नागत्तर. दोघंही गंगांची माणसं, दोघंही याच शहराच्या परिसरातली, मध्ये दीडशे वर्षं. हात शिवशिवतात दोघांच्या मध्ये एक रेघ ओढायला, आणि मग दोन-चार पिढ्या घालून एक घराणं उभं करायला. रेघ खरी असूही शकते. पण दगडांनी ती ओढलेली नाही, आणि लिडियार्डच्या फळीवर किंवा तंजावरच्या भिंतीवर नेमकी अशीच एखादी रेघ पक्क्या रंगानं ओढली गेली नसेल असं कोण सांगू शकेल?

हेब्बाळची शिळा टिकली ती नशिबानं. बी. एल. राईस यांनी बंगळुरू जिल्ह्यातले लेख एपिग्राफिया कर्नाटिकाच्या नवव्या खंडात 1905 मध्ये छापले, तेव्हा ती मातीखाली होती. राईस यांनी नोंदवलेल्या दगडांपैकी पुष्कळसे वाढत्या शहरानं गिळले. नागरिकांनी वर्गणी काढून कित्तय्याच्या शिळेला गंगकालीन धाटणीचा दगडी मंडप बांधला, आणि 1909 मध्ये स्थापन झालेल्या मिथिक सोसायटीनं शहरातल्या शिलालेखांची त्रिमितीय स्कॅनिंगनं नोंद करायचं काम हाती घेतलं आहे. झिजलेलं अक्षर, जे डोळ्याला दिसत नाही, ते या स्कॅनिंगमध्ये उठून येतं. महाराष्ट्रातल्या वीरगळांचं असं काम कुठे कुठे हौशी मंडळी करतात. बऱ्याच ठिकाणी मात्र शेंदराचा थर चढतो, जीर्णोद्धारात सिमेंट लागतं, आणि एखाद्यावर चार अक्षरं असलीच तर तीही बुजून जातात. आपल्या गावच्या वीरगळावर ऑइलपेंट फासायचा ठराव होण्याआधी त्याचा उन्हातला तिरप्या प्रकाशातला एक फोटो काढून ठेवावा, इतकं तर कुणालाही जमेल. आणि बंगळुरूत असाल तर आधी कस्तुरबा रोडच्या संग्रहालयात बेगूरचा वीरगळ पाहा, मग हेब्बाळला जा. त्या क्रमानं पाहिलं की कित्तय्याच्या दगडावर काय नाही, ते चटकन ध्यानात येतं.