पंधरा पावलांवरचं फाटक

पुण्यात, टेकडीच्या पायथ्याचं मैदान. एप्रिलमधला रविवार. आठ वाजलेत आणि ऊन आत्ताच पाठीला लागतंय. आत शिरणारा प्रत्येक नर कुत्रा फाटकाच्या खांबापाशी थांबतो, आधीच्याचा वास घेतो आणि तंगडी वर करून त्यावर आपली सही ठोकतो.

कडुनिंबाखाली रांग. दोन माणसांत दहा फूट अंतर. एक लॅब्रॅडॉर, दोन जर्मन शेफर्ड, लाल पट्ट्यातला एक गावठी, काकूंच्या कडेवर पामेरियन. सगळ्यात मोठा आवाज कडेवरून येतोय.

नंबर लागेपर्यंत गाऱ्हाणी चालतात.

"सोफ्यावरून ह्यांनाच उठवतो हो, गुरगुरून."

"मावशींना स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही."

मी माझं सांगते. आमच्याकडे पायपुसण्यावर हक्क आहे. उचलायला वाकलं की दात दिसतात.

शेफर्डवाले काका वैतागलेत. "घरातला बॉस झालाय. एकदा उताणा पाडून दाखवतोच, बॉस कोण ते."

प्रशिक्षक सर उकिडवे बसून उकडलेल्या चिकनचे तुकडे करतायत. मान वर न करता म्हणतात, "पाडू नका. चावेल."

बॉसची ही कल्पना लांडग्यांवरून आली, सर सांगतात. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून ती मांडली. डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकानं ती घरोघरी नेली. पुढं कॅनडातल्या एल्समीअर बेटावर त्यांनी मोकळ्या लांडग्यांचे कळप वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. काकांना हे पटलेलं दिसत नाही. त्यांचा शेफर्ड मात्र चिकनकडं बघतोय.

त्यांचा नंबर येतो. सरांचा मदतनीस पाठीला पार्सलची पिशवी अडकवून फाटकातून आत येतो. शेफर्ड उसळतो. लीश ताणते, काका चार पावलं फरफटतात. मुलगा वळून निघून जातो. भुंकणं थांबतं. कुत्रा छाती काढून इकडंतिकडं बघतो.

"बघितलंत? त्यानं हाकलला," सर म्हणतात. पार्सल देऊन मुलगा जाणारच असतो, हे कुत्र्याला कुठून कळावं? दिवसाला चार पार्सलं धरली, तर वर्षाला दीड हजाराच्या आसपास लढाया. एकही हरलेला नाही.

आता पंधरा पावलांवरून. मुलगा दिसला की लगेच चिकन, भुंकायच्या आत. मुलगा दिसेनासा झाला की चिकन बंद. पंधरावर खातो. बारावर खातो. नऊवर कान पुढं येतात, तोंड मिटतं, अंग ताठ. तुकडा मातीत पडतो. परत बारावर.

हे असंच पाऊण तास. बघणाऱ्याला कंटाळा यावा इतकं संथ. जिभा बाहेर आल्यात. पाण्याचं भांडं ज्याचं त्यानं आणायचं, नाहीतर तिथंच जुंपते.

पलीकडं गावठी गुरगुरतो. मालकीण पट्टा हिसडते. "गप्प!"

"गुरगुरू दे. मागं घ्या त्याला," सर ओरडतात. गुरगुरणं दाबलं, की पुढच्या वेळी न सांगता दात लागतात. रांगेतला एक तरुण बाही वर करून दंड दाखवतो. चार टाके. घरचाच, लस दिलेला कुत्रा. तरी जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली, कुत्र्यावर दहा दिवस नजर आणि इंजेक्शनं. पाचवं अठ्ठाविसाव्या दिवशी. कुत्रा त्याच्या पायाशी झोपलाय.

माझ्या वाट्याला पायपुसणं. घरून आणलेलं. दूर चिकन टाकायचं, तो उठला की पायपुसणं उचलायचं आणि लगेच परत द्यायचं. परत द्यायचं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. सातव्या वेळी तो पायपुसण्याकडं न बघता माझ्या हाताकडं बघतो.

तिकडं काका दहा पावलांवर पोचलेत. शर्ट भिजून पाठीला चिकटलाय. एवढ्यात फाटकाबाहेर खरीखुरी स्कूटर थांबते, कुणीतरी नाश्ता मागवलाय. शेफर्डचे कान उभे राहतात. तो स्कूटरकडं बघतो. मग मान वळवून काकांकडं.

काकांचा हात घाईघाईनं खिशात जातो. चिकनची पिशवी रिकामी.