खिळ्यावर चढलेलं तांबं
मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या द्रावणात घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा सोडा. थोड्याच वेळात त्यावर तांबूस थर चढतो आणि निळा रंग फिकट हिरवट होऊ लागतो. ऑक्सिजन कुणाशी नव्याने जोडला गेला नाही, तरी हे ऑक्सिडीकरणच! ओळखायचं ऑक्सिडीकरणांकावरून. लोखंड शून्यावरून +2 वर गेलं, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावले: त्याचं ऑक्सिडीकरण. तांबं +2 वरून शून्यावर आलं: त्याचं क्षपण. सल्फेट जसंच्या तसं राहिलं. मुलं अडखळतात ती पुढे. ऑक्सिडीकरण झालेलं लोखंडच इथे क्षपणक, कारण तांब्याला इलेक्ट्रॉन त्यानेच दिले. याउलट चुनखडी भाजली की चुना उरतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पण एकाही अणूचा ऑक्सिडीकरणांक बदलत नाही, म्हणून ती रेडॉक्स (ऑक्सिडीकरण-क्षपण) अभिक्रिया नव्हेच.